मधलं नाव

"एकच. मुलगा आहे," असं मी त्या बाईला सांगितलं आणि सांगताना माझा आवाजसुद्धा बदलला नाही. हातात पटनोंदणीचा तक्ता होता, दुपारचे साडेबारा झाले होते आणि मल्हार पेठेतल्या त्या बोळातलं ते अकरावं घर होतं. जूनमध्ये शाळा उघडली की आम्हा गुरुजींना पंधरा दिवस हे काम असतं. दारोदार जायचं, सहा ते चौदा वयाची मुलं किती ते विचारायचं, शाळेत न जाणाऱ्यांची नावं लिहायची आणि आईबापांना चार शब्द सुनवायचे. यातलं सुनवायचं काम मला फार आवडतं, हे कबूल केलं पाहिजे. चौदा वर्षं पहिलीला शिकवणाऱ्या माणसाला त्याची चटकच लागते. त्या दिवशीही दहा घरं सुनवून झाली होती. मुलगी धुणं धुते, मुलगी भावाला सांभाळते, मुलगा गॅरेजमध्ये जातो, सगळ्यांच्या सबबींची पोतडी मी तिथल्या तिथं रिकामी केली होती. आणि अकराव्या घरी शालूबाई कांबळे नावाच्या बाईनं मलाच विचारलं, तुमाला लेकरं किती, गुरुजी? तर मी म्हणालो, एकच. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती इस्लामपूरच्या पुढं माझ्या बहिणीकडं जिवंत होती, दोन वेळ जेवत होती, आणि मी साताऱ्यात भर दुपारी तिला एका शब्दात पुसून टाकलं होतं.

झालं असं होतं की शालूबाईच्या घरात मला सुनवायला काही जागाच नव्हती. नवरा केरबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये. घर सारवलेलं, भिंतीवर दोन तसबिरी, दोन्हींना ताजी फुलं. दोन मुलगे शाळेत, एक सातवीला, एक चौथीला. मी खूश होऊन तक्ता मिटत होतो, तेवढ्यात आतल्या दाराच्या चौकटीला धरून एक मुलगी येऊन उभी राहिली. तिच्याकडं पाहिलं मात्र, मी तक्ता घाईनं मिटून टाकला. ते बारीक, कडेला वर गेलेले डोळे, ओठांच्या मधे थोडी दिसणारी जीभ, ती आखूड बोटं, मान किंचित पुढं काढून हसणं. तो चेहरा मला पाठ होता. असली सगळी मुलं एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात, आईबाप कुठलेही असोत.

"हिचं न्हाई लिवलं," शालूबाई म्हणाली.

"हिचं काय?"

"नाव. सुजाता केरबा कांबळे. नऊ सरून धावं लागलंय."

"बाई, अशा मुलांची नोंद होत नाही."

"कुनी सांगितलं?"

"वरूनच तसं आहे."

"वर म्हंजे कुटं?"

वरून तसं काहीच आलेलं नव्हतं. परिपत्रकात या मुलांविषयी एक अक्षर नव्हतं. मुलं म्हटलं होतं, सगळी मुलं. वगळायचं काम आम्ही आमच्या अकलेनं करत होतो. मी म्हणालो, ती वर्गात बसणार नाही, बाकीच्यांना त्रास होईल, शिवाय तिला काही येणार नाही, उगाच तिचे हाल. हे बोलताना मी त्या मुलीकडं पाहत नव्हतो. ती माझ्या छत्रीची मूठ चाचपत होती.

"आमाला शिकायला सांगितलंय, गुरुजी," शालूबाई तसबिरींकडं बघून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यातनं हिला वगळलंय, असं मी तर कुटं ऐकलं न्हाई." मग जवळच्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं, "तुमाला लेकरं किती?"

ती टोमणा मारत नव्हती. मला आतलं काही कळेल, बाप म्हणून मी जरा वेगळा बोलेन, एवढीच तिची आशा असणार. मी एकच म्हणालो. ती म्हणाली, "मग तुमाला न्हाई उमगायचं." आणि सुजाताच्या हातातून छत्री हळूच सोडवून घेतली. मी तक्ता पुन्हा उघडला आणि ‘सुजाता केरबा कांबळे, वय ९’ असं लिहिलं. पण पेन्सिलीनं लिहिलं. बाकीची सगळी नावं शाईत होती. खिशात पेन असताना मी पेन्सिल काढली हे शालूबाईनं पाहिलं की नाही, मला माहीत नाही. वाचता तिला येत होतं. नावाखाली बोट फिरवून तिनं ते वाचलं आणि मला चहा विचारला. मी नको म्हणालो.

कुमुद झाली तेव्हा आम्ही कोरेगावात होतो. माझी पत्नी सुलोचना वाईची, सातवी शिकलेली, नीटनेटकी. कुमुद हे नाव तिनं ठेवलं. पहिलं वर्ष सुखात गेलं, म्हणजे आम्ही दोघांनीही एकमेकांना काही न विचारता घालवलं. पोर गुबगुबीत, रडणं कमी, कुणाकडंही जायची. शेजारणी म्हणायच्या, किती शांत आहे हो. दीड वर्ष झालं तरी ती बसेना, तेव्हा त्याच शेजारणी शांत हा शब्द वापरायच्या बंद झाल्या. मिरजेला एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हातारे होते, त्यांनी तिला मांडीवर घेतलं, तिच्या तळहातावरची आडवी रेघ मला दाखवली आणि एक इंग्रजी नाव सांगितलं. मग म्हणाले, हळू शिकेल, पण शिकेल, घाई करू नका. या वाक्यातला पहिला शब्द तेवढा मी घरी आणला. परतीच्या गाडीत मी सुलोचनाला विचारलं, तुमच्याकडं वाईला कुणाला असं होतं का? ती कराड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. कराडला म्हणाली, नाही. त्यानंतर मी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही, पण एकदा विचारला होता, तेवढ्यानं भागलं.

मी शिक्षक. माझ्या हाताखालून गेलेल्या पोराला बाराखडी येत नाही असं झालं नव्हतं. तालुक्यात माझं नाव होतं ते त्याचंच. साहेब तपासणीला आले की माझ्या वर्गात आधी यायचे. आणि घरी माझ्या मुलीला चार वर्षांची झाली तरी एक अक्षर येईना. मी परातीत बाजरीचं पीठ पसरायचो आणि तिचं बोट धरून ‘ग’ काढायचो. संध्याकाळी साडेपाच ते सहा, रोज. ती पिठात पंजा दाबायची आणि उमटलेल्या पंजाकडं बघून हसायची. तिला तो पंजाच आवडायचा. मी म्हणायचो, ग. ती म्हणायची, ग. पण बोट वळायचं नाही. एके दिवशी मी तिच्या तळहातावर फूटपट्टी मारली. जोरात नाही. हे जोरात नाही म्हणणं मी गेली पाच वर्षं स्वतःशी म्हणतो आहे आणि मला ते अजून पटलेलं नाही. ती रडली नाही, चकित झाली. मग तो रोजचाच भाग झाला. पीठ, बोट, ग, फूटपट्टी. तिला वाटलं, शिकणं म्हणतात ते हेच. पुढं पुढं मी शाळेतून येऊन दारात चप्पल काढतोय तोवर ती धावत यायची आणि हसत हसत हात पुढं करायची. अण्णांशी हा खेळ खेळायचा असतो, असं तिला वाटत होतं. सुलोचना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघायची. एकदाच ती म्हणाली, "अहो, ती तुम्हाला खूश करायला बघते." मी त्या दिवशी जेवलो नाही. आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला परत परात घेतली.

साताऱ्याला आलो ते सत्तर साली. नोकरी नवी, शाळा नवी, खोली बघायची होती. प्रदीप तेव्हा दोन वर्षांचा, अंगावर मस्ती, बोलण्यात फटाका. सुलोचना म्हणाली, आधी आपण जाऊन राहण्याची सोय बघू. माझी थोरली बहीण आक्काताई म्हणाली, "कुमीला ऱ्हाऊ दे माज्याकडं म्हैना दोन म्हैने. माजं तरी घर कुटं भरलंय." तिला मूलबाळ नाही. तिचे मालक आकाराम मोहिते लष्करातून हवालदार होऊन आलेले, थोडा ऊस, एक म्हैस, बोलणं अगदी बेताचं. आम्ही कुमुदला तिथं ठेवलं. साताऱ्यात खोलीच्या मालकानं विचारलं, माणसं किती? मी म्हणालो, तीन. ते त्या दिवशीपुरतं खरंच होतं. लबाडी कुठं सुरू झाली असं कुणी विचारलं तर मला जागा दाखवता यायची नाही, कारण मी प्रत्येक वेळी खरंच बोलत गेलो. शाळेत सगळ्यांनी प्रदीपला पाहिलं, एकच का, असं विचारलं, मी हसलो. हसणं हे काही खोटं बोलणं नव्हे. उन्हाळ्यात आणू म्हणालो, उन्हाळ्यात प्रदीपला गोवर आला. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. साताऱ्यात पाण्याचे हाल आहेत, तिथं नदी आहे, तिथं ती सुखात आहे, असं मी सुलोचनाला सांगितलं. दुष्काळ सरला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या दुष्काळाचा मी आडोसा केला होता, तो गेला.

सुलोचना वर्षातून दोनदा जाऊन येते. परत आली की म्हणते, "बरी आहे." एवढंच. मी पुढं विचारत नाही आणि ती सांगत नाही, हा आमचा संसार. दर संक्रांतीला ती एक फ्रॉक शिवते. माप घ्यायला मुलगी समोर नाही, म्हणून खालच्या जोश्यांची मीना कुमुदच्याच वयाची आहे तिला बोलावते, तिच्या खांद्याला टेप लावते. मीनाला वाटतं काकू तिच्यासाठी शिवताहेत. दर वर्षी कुमुदला तो फ्रॉक मोठा होतो, कारण कुमुद मीनाच्या वेगानं वाढत नाही. सुलोचना परत आली की यंदा चार बोटं जास्त झाला असं म्हणते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मीनालाच माप लावते. तिला कमी माप धरायला कुणी तरी सांगायला हवं, असं मला नेहमी वाटतं. मी सांगत नाही.

मल्हार पेठेतून त्या दिवशी मी घरी आलो. प्रदीप यंदा पहिलीत. त्याचं दप्तर भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि तो त्याच्या शेजारी राखण करत बसला होता. आमची चाळही नोंदणीसाठी माझ्याच वाट्याला आली होती. मी तक्ता काढला आणि आमच्या खोलीची ओळ भरली. साळुंखे हिंदुराव, मुलगे एक, मुली शून्य. नियम आहेच की मूल जिथं राहतं तिथं त्याची नोंद. मी नियमाला धरूनच लिहिलं. सुलोचना ताट वाढत होती. तिनं शून्याकडं पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "आमटीत मीठ कमी आहे, वर घ्या." आणि मग बऱ्याच वेळानं, पाठ फिरवून, "तिथं कुणी लिहिलं असेल का?"

हा प्रश्न मला चार दिवस चावत राहिला. माझ्यासारखाच एखादा गुरुजी आक्काताईच्या दारात गेला असेल. त्यानंही विचारलं असेल, घरात मुलं किती? त्यानंही कुमुदकडं बघून तक्ता मिटला असेल. किंवा पेन्सिल काढली असेल. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही त्याचा मला राग येऊ लागला. माझ्या मुलीला वगळणारा तो कोण? हा राग इतका खरा होता की मीच एकदा हसलो. हसू शनिवारी आटलं. शनिवारी तक्ते द्यायचे होते. आमचे मुख्याध्यापक लालासाहेब मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून पेन्सिलीचं नाव पाहिलं.

"हे काय, साळुंखे?"

मी सांगितलं. मुलगी कशी आहे ते सांगितलं.

"मग कशाला घेतलंत? तुमच्या वर्गात आधीच साठ. तुम्ही फार भावनेनं बघता." ते माझ्या दंडावर थोपटून म्हणाले, "तुम्हाला घरचा अनुभव नाही म्हणून. असलं मूल घरात असलं की काय असतं, ते त्या आईबापांनाच ठाऊक. त्यांना तरी कशाला शाळेच्या नादी लावायचं?"

मी म्हणालो, "खरं आहे, सर." टेबलावर खोडरबर होतं. त्यांनी ते माझ्याकडं सरकवलंही नाही. मीच उचललं. खोडताना कागद फाटू नये म्हणून डाव्या हातानं दाबून धरला, पहिलीच्या पोरांना शिकवतो तसा. सुजाता गेली, केरबा गेला, कांबळे जायला वेळ लागला कारण तिथं पेन्सिल जरा जास्त टेकली होती. ती ओळ मोकळी दिसत होती, तेव्हा लालासाहेब म्हणाले, आडवी रेघ मारून टाका, म्हणजे पुढं कुणी काही घुसडायला नको. मी रेघ मारली. शाईनं.

रविवारी सकाळच्या सांगली गाडीनं निघालो. सुलोचनाला म्हणालो, आक्काला भेटून येतो. तिनं पिशवीत संक्रांतीचा राहिलेला फ्रॉक आणि चिवड्याची पुडी घातली. मी तिथं दोन वर्षांत गेलो नव्हतो. खिडकीतून ऊस, पुन्हा ऊस, मधेच नांगरून ठेवलेली काळी रानं. मी काय करायला चाललो होतो ते मला नीट माहीत नव्हतं. आणायला चाललोय असं कराडपर्यंत वाटत होतं. पेठ नाक्याला वाटलं, नुसतं बघून येऊ. इस्लामपूर गेल्यावर वाटलं, बघायचं तरी कोणत्या तोंडानं. फाट्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. तिथून आक्काताईचं घर पायी दहा मिनिटं.

अंगणात लिंबाखाली सुपं घेऊन दोघी पेरणीच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. पाठमोरी कुमुद मी ओळखली ती मानेवरून. केस कापलेले, अंगात गेल्या वर्षीचा फ्रॉक, आता बरोबर बसलेला. ती शेंग फोडायची, दाणा डोळ्याजवळ धरायची आणि मग डाव्या किंवा उजव्या सुपात टाकायची. तिचं चुकत नव्हतं. आक्काताई मला बघून उठायला लागली, त्याच्या आधी कुमुद उठली. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग फ्रॉकला हात पुसले, आत गेली, तांब्या भरून आणला, पाणी सांडू नये म्हणून पावलं मोजत आणला, आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "पाव्हनं, पानी घ्या."

"आगं पाव्हनं कसलं," आक्काताई घाईनं म्हणाली. "तुजं आण्णा हायती. साताऱ्याचं."

कुमुदनं मान हलवली. साताऱ्याचं एवढं तिला पटलेलं दिसलं. "लांब हाय," ती म्हणाली. "बसा की." आणि घोंगडं झटकून अंथरलं. मी बसलो. पाणी प्यालो. ती तांब्या परत घ्यायला उभी होती, म्हणून सगळं संपवलं.

"कुणी शिकवलं हे सगळं?" मी आक्काताईला विचारलं.

"शिकवतंय कोन. बघून बघून येतंय की. आल्यागेल्याला पानी देती, म्हशीला वैरन टाकती. पोचट दाना एक जाऊ देत न्हाई बियात. तुज्या दाजींचं तर तिच्याबिगार पान हलत न्हाई." मग आवाज बारीक करून म्हणाली, "हिंदुराव, तुला सांगायचं व्हतं. शाळंत घातलीया तिला. परवाच्या सोमवारपास्नं. ज्ञानू मास्तर आलता नावं लिवायला, म्हनला, बसू दे, शिकंल न शिकंल. तू रागावू नगंस."

मी रागावू नये म्हणून माझी थोरली बहीण माझ्यापुढं पदर सावरत होती. मी म्हणालो, "मला तो तक्ता बघायचाय." तो का बघायचा होता ते तिला कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. ज्ञानू मास्तर गावातच राहत होता, पंचविशीतला, बनियनवरच बाहेर आला. मी पण शिक्षक म्हटल्यावर त्यानं लगबगीनं तक्ता आणला, चूक दाखवायला आलोय असं वाटून जरा भ्याला. सतरावी ओळ. शाईत. ‘कुमुद आकाराम मोहिते, वय ९, दाखल.’ मी ते तीन-चारदा वाचलं. अक्षर काही खास नव्हतं, ‘द’ला पाय नव्हता. आपल्यात मुलाच्या नावाच्या पोटात बापाचं नाव असतं. कुणालाही हाक मारा, बाप मधे येतोच. माझ्या बापाचं नाव माझ्या सहीत आहे आणि प्रदीपच्या कोऱ्या वहीवर काल मी माझं घातलं आहे. इथं आकाराम होते. आणि माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. अगदी स्पष्ट, अंगातून ताप उतरावा तसं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची अशी लाज वाटली की मी मास्तरच्या ओट्यावर खाली बसलो.

"काय चुकलंय का?" मास्तर म्हणाला. "मी घरात कोन हाय ते इचारलं. हवालदारांनी मान हलवली. मला वाटलं, त्यांचीच. बदलायचं आसंल तर सोपं हाय, आवं. बापानं येक आर्ज द्यायचा. कागद देऊ?"

त्यानं कागद दिला. पेन माझ्या खिशात होतं. मी लिहायला लागलो असतो तर पाच ओळींत काम होतं, असले अर्ज मी दुसऱ्यांना कितीदा लिहून दिलेत. अर्जदाराच्या नावाशी येऊन थांबलो. इथं नाव बदललं की दाखला बदलेल, मग पुढंमागं तिला साताऱ्याला न्यावं लागेल, लालासाहेब चष्मा वर करतील, चाळीत जोशी विचारतील, ही कुठून आली, इतकी वर्षं कुठं होती. मल्हार पेठेतल्या त्या बाईच्या कानावर जाईल. मी कागदाची घडी केली आणि म्हणालो, "घरी विचारून पाठवतो." मास्तर म्हणाला, "पाठवा सवडीनं."

परत आलो तर आकाराम रानातून आले होते. कुमुद त्यांच्या कानाशी लागून सांगत होती, पाव्हनं आल्याती, साताऱ्याचं. मला बघून त्यांनी डोक्याची टोपी काढली, पुन्हा घातली. त्या माणसानं माझ्या मुलीवर आपलं नाव घातलं होतं आणि तोच चोरासारखा उभा होता. जेवताना ते एवढंच बोलले, "मास्तरला मी न्हाई म्हनायला पायजे व्हतं. पर तिच्या म्होरं न्हाई कसं म्हनायचं?"  कुमुद वाढत होती. माझ्या ताटात तिनं न विचारता दुसरी भाकरी टाकली आणि आक्काताईच्या ढंगात म्हणाली, "लाजू नगा." आकाराम हसले. मीही हसलो. मी तिला फ्रॉक दिला. तिनं तो अंगाला लावून बघितला, चार बोटं मोठा होता. "मोटा हाय," ती म्हणाली, आणि घडी करून फळीवर ठेवला. घडी सुलोचनासारखी घातली होती, बाह्या आत घेऊन.

तीनची गाडी होती. आकारामना म्हैस धरायची होती, आक्काताईचे गुडघे दुखत होते. ती म्हणाली, कुमी येईल फाट्यापतोर, पाव्हण्याला तीच पोचवती रोज. माझी रिकामी पिशवी कुमुदनं माझ्या हातातून काढून घेतली, आणि आम्ही निघालो. ती पुढं, मी मागं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलीच्या चालीनं चाललो. ती मधेच थांबून बांधावरची शेळी बघायची, मीही थांबायचो. मी म्हणालो, शाळा आवडते का? ती म्हणाली, "व्हय." काय करतेस शाळेत? "बसतो," ती म्हणाली, इकडच्या बायका म्हणतात तसं. मग म्हणाली, "मास्तर चांगला हाय." मला विचारायचं होतं की तो मारतो का. विचारलं नाही. उन्हात तिची आखूड बोटं पिशवीच्या बंदाभोवती घट्ट होती.

फाट्यावर आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. बराच वेळ होता. त्या वेळात मला सगळं बोलता आलं असतं. मी रस्त्याकडं बघत राहिलो. लांब वळणावर एसटीची धूळ दिसली तेव्हा मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "कुमुद, माझ्याबरोबर येतेस? साताऱ्याला. आपल्या घरी." हे मी गाडी दिसल्यावर विचारलं. आधी अर्धा तास विचारलं नव्हतं. ते तिला कळलं नसेल, मला कळत होतं.

तिनं खरोखर विचार केला. कपाळाला आठी पडली, जीभ ओठांवर आली. माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, मग गावाच्या वाटेकडं.

"आत्तीला इचारा," ती म्हणाली.

मागं चालत जायला दहा मिनिटं लागली असती. पुढची गाडी साडेपाचला होती. कंडक्टरनं दार उघडलं, कुमुदनं पिशवी दोन्ही हातांनी वर धरली, आणि मी ती घेऊन गाडीत चढलो.